उत्तमचं बिनविस्तवाचं चाकलेट

साल २०२५. मला बहात्तर पुरे झाले. तुला एक जूनला त्र्याहत्तर लागले असते, ते पण दाखल्यावरचे. आपल्या वर्गातल्या सगळ्याच पोरांचा जन्म हेडमास्तरनं एक जून लिहिला, त्यात तूही आलास. तुझी माय म्हणायची, ज्वारी काढणीला आल्ती तव्हा उत्तम झाला. दाखला खरा का माय खरी, हे तू स्वतः मास्तर होऊनही कधी सांगितलं न्हाईस.

उद्या एक जून. आज तुला जाऊन दहा दिवस झाले.

मी चौथी शिकलेला माणूस. अर्जावरची सही आणि बियाण्याच्या पिशवीवरचं नाव, एवढंच आयुष्यात लिहिलं. ही वही तुझ्याच घरची आहे. कमलवहिनीनं दिली, अर्धी कोरी राह्यली होती. पहिल्या पानांवर तुझं अक्षर आहे. 'चॉकलेट दोन पाकिटं, दाणे दीड वाटी, ऊन चाळीस मिनिटं.' खाली लाल पेनानं, 'भांडं कोरडं पाहिजे. पाण्याचा थेंबसुद्धा नको.' त्याच्या पुढच्या पानावर मी सुरू केलंय. चुका होतील. लाल पेन वहीतच खोचलेला आहे, पण त्याला मी हात लावणार न्हाई. तो तुझा.

हे चाकलेटचं खूळ तू चार वर्षांमागं काढलंस. वहिनीचा दमा वाढला होता. फोडणी दिली की त्या पदर तोंडाला लावून दारात येऊन बसायच्या. पुण्याच्या नातीनं तुला फोनवर शिकवलं, आजोबा, गॅस लागत न्हाई, भट्टी लागत न्हाई, गरम पाण्यावर भांडं ठेवायचं आणि चाकलेट वितळवायचं. तू म्हणालास, आपल्याकडं मे महिन्यात पाणी तापवायची काय गरज?

मी शेतातल्या आखाड्यावरून घरी येऊन राह्यलो होतो. दुपारचे दोन. तुझ्या अंगणात एक काळा पत्रा, पत्र्यावर स्टीलचं भांडं, भांड्यावर काचेचं झाकण. आणि ज्यानं सदतीस वर्षं शाळा चालवली तो माणूस डोक्याला टॉवेल गुंडाळून भांड्यापुढं उकिडवा बसलेला.

"काय चाललंय गुरुजी?"

"स्वैंपाक."

"विस्तव कुठाय?"

तू वर बोट केलंस. "तो काय. कोणाच्याच घरचा न्हाई तो. सगळ्यांना चालतो."

उन्हात थांबवत न्हाई म्हणलं आणि निघालो. तुला बराबर कळलं की मला बराबर कळलं.

पुढं मंग दर उन्हाळ्यात तुझं ते चालू झालं. पाकिटातच चाकलेटवर बत्ता मारायचा, तुकडे कोरड्या भांड्यात टाकायचे, पत्र्यावर ठेवायचं. मधे एकदा लाकडी उलथण्यानं हलवायचं, जास्त न्हाई. आटवलेल्या दुधासारखं पातळ झालं की भाजून साल काढलेले दाणे टाकायचे, आणि तूप लावलेल्या ताटात चमच्यानं एक एक वडी सोडायची. मंग तासभर फ्रिजमध्ये. संध्याकाळी शाळेतली पोरं तुझ्या ओट्यावर यायची. तू आधी सगळ्यांना विचारायचास, हात धुतले का? ज्यानं धुतले न्हाईत त्याला रांजणाकडं परत पाठवायचास. मोठ्या माणसांनासुद्धा. आमच्या सरपंचाला तू एकदा परत पाठवल्तंस.

दाणे माझ्या शेतातले असायचे. ते चाकलेटच्या आधीपासूनच. शेंगा निघाल्या की पहिलं पोतं तुझ्या घरी, हा माझा नेम पन्नास वर्षांचा. आंबे, हुरडा, हरभऱ्याची भाजी, काय न्हाई पाठवलं मी. देण्यात मी कधीच मागं राह्यलो न्हाई, आणि त्याचा मला अभिमान होता. घेण्याचं मात्र कोणी कधी विचारलं न्हाई, म्हणून ते झाकून राह्यलं. आज झाकायचं न्हाई. ते लिहायलाच बसलो आहे.

आपण तिसरीत होतो. शाळा सुटल्यावर तुझ्या घरी गेल्तो. तुझी माय भाकऱ्या टाकून राह्यली होती. तिनं एक गरम भाकरी, वर तेल आणि तिखट घालून, अर्धी तुला अर्धी मला दिली. मी खाल्ली. घरी पोचायच्या आत आमच्या आईला कोणीतरी सांगितलं. तिनं मला मारलं न्हाई. लिंबाखाली उभं करून डोक्यावरून गार पाणी ओतलं आणि म्हणाली, "माझ्या गळ्याची आन हाय तुला. त्यांच्या चुलीवरचं पुन्हा खाल्लंस तर माझं मेलेलं तोंड पाहशील."

तू तव्हा आमच्या फाटकात उभा होतास. माझी पाटी तुझ्याकडं राह्यली होती, ती द्यायला आल्तास. आईनं तुला काही बोल लावला न्हाई. तुला पाणी पाहिजे का विचारलं, आणि तू ओंजळ केलीस तशी तांब्या वर धरून ओतलं. तू पिलास. मी ओल्या कपड्यात कुडकुडत ते बघितलं. दुसऱ्या दिवशी शाळेत तू माझ्याजवळच बसलास आणि त्या गोष्टीचं नाव काढलं न्हाईस. मी पण न्हाई काढलं. तेव्हाच काढायला पाहिजे होतं.

मंग मी ती आन पाळली. तुझ्या लग्नात मी तीन दिवस राबलो. मंडप घातला, पाण्याचे टँकर आणले, वऱ्हाडाची गाडी वळवली, आणि पंगत बसली की घरी येऊन जेवलो. तुझ्या पोरांच्या वाढदिवसाला, तुझ्या नव्या घराला, दरवेळी माझं काहीतरी निघायचं. उपास आहे. आत्ताच जेवलो. पोट बरं न्हाई. आष्टीच्या बाजारात मात्र आपण दोघं एकाच कागदावरचे भजे खायचो. तू एकदा विचारलंस, "का रे पाटील, हे भजे कोण तळतं, कधी चौकशी केली का?" मी म्हणलं, "गुपचूप खा." पाटीलकी आमच्या घरात कधीच नव्हती. तू ते नाव मला ठेवलं होतं, आणि का ठेवलं होतं ते मला म्हाइत होतं.

आई जाऊन तीस वर्षं झाली. तिच्या दहाव्याला तू आल्तास. सगळे पांगल्यावर आपण दोघं बांधावर बसलो आणि तू हळू म्हणालास, "नारायण, आई गेली. आन तिच्यासंगं गेली. आता जे राह्यलं ते तुझं."

मला असा राग आला की मी उठून गेलो. दोन महिने तुझ्याशी बोललो न्हाई. मला वाटलं, आईला जाऊन दहाच दिवस झाले आणि हा हिशेब मांडतो. दोन महिन्यांनी तूच आलास, ओट्यावर बसलास आणि म्हणालास, "यंदा शेंगा कशा आहेत?" मी म्हणलं, "बऱ्या आहेत." एवढ्यावर मिटलं. पण तू बोललास ते मिटलं न्हाई. ते तीस वर्षं माझ्या मागंमागं फिरलं. आई असताना मी म्हणू शकत होतो, आईची आन आहे. आई गेल्यावर मी काय म्हणणार होतो? म्हणून काही म्हणलंच न्हाई. एकदा न्हाई म्हणलं की न्हाई, अशी माझी गावात ख्याती. लोक त्याला बाणा म्हणायचे. तू काय म्हणायचास ते तू कधी बोलला न्हाईस.

अकरा वर्षांमागं माझं अंतर्गळाचं ऑपरेशन झालं, जालन्याला. टाके पिकले आणि आठ दिवस पडून राहावं लागलं. पोरगा नोकरीवर, बायको गिरजा दिवसभर माझ्यापाशी, तिला तिथलं काही उमगेना. तू सुट्टी टाकल्यासारखा येऊन राह्यलास, रिटायर झालेला माणूस. दोन्ही वेळा डबा आणायचास. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "कुठला डबा?" तू म्हणालास, "मस्तगडच्या खानावळीतला." मी खाल्ला. वांग्याची भाजी अशी होती की मी आजारपणात दोन भाकऱ्या चढवल्या. मी म्हणलं, "ही खानावळ एक नंबर आहे."

तू म्हणालास, "कळवतो त्यांना."

हे ध्यानात ठेव. पुढं लागणार आहे.

आता गेल्या वर्षीचं. मे महिना. तू निरोप धाडला, दाणे यंदा भाजून पाठव, साल काढून, आणि येताना घरचं एक ताट घेऊन ये. मला वाटलं तुझं ताट मोडलं असंल. मी आलो तर तू मला अंगणात लिंबाच्या सावलीला बसवलंस, माझ्यासमोर पाकीट फोडलंस, माझ्यासमोर उन्हात ठेवलंस. माझ्या ताटात वड्या सोडल्यास. तासाभरानं थंड करून पुढ्यात आणून ठेवल्यास आणि शाळेत विचारावं तसं विचारायला लागलास.

"दाणे कोणाचे?"

"माझे."

"भाजले कोणी?"

"गिरजानं."

"कोणाच्या चुलीवर?"

"आमच्या."

"चॉकलेट परतूरच्या दुकानातलं, सीलबंद. ताट कोणाचं?"

"माझं."

"वितळवलं कोणी?"

मी वर बघितलं.

"मंग यात माझं काय राह्यलं पाटील? फक्त हात."

तू हसत म्हणालास. वहिनी दारात उभ्या होत्या, त्या हसल्या न्हाईत. मी त्या वड्यांकडं बघितलं. दाणे वर आल्ते, चकाकत होते. एक उचलायची होती, बास. आईची आनसुद्धा मोडत नव्हती, तू एकही फट ठेवली नव्हती. पण ती वडी उचलली असती तर साठ वर्षांचे उपास, साठ वर्षांचं पोट, सगळं खोटं होतं हे तुझ्यासमोर कबूल झालं असतं.

मी म्हणलं, "आज मंगळवार. माझा उपास."

"आज बुधवार आहे."

"मंग दात दुखून राह्यलाय."

मंग म्हणालास, "बराबर. दाताचं दुखणं वाईट." एक वडी उचलून वहिनीला दिलीस, एक स्वतः खाल्लीस आणि पावसाचं काय म्हणतात ते बोलायला लागलास. ताट धुऊन, पुसून माझ्या हातात दिलंस. ते रिकामं ताट घेऊन घरी येताना मला एवढं जड कधी काही लागलं न्हाई.

यंदाही तू पत्रा काढलास. दाणे मी पाठवले, भाजून. एकवीस तारखेला दुपारी तू वड्या सोडल्यास, फ्रिजमध्ये ठेवल्यास, घट्ट झाल्यावर डब्यांत काढल्यास, हात धुतलेस आणि म्हणालास जरा पडतो. वहिनी चहाला उठवायला गेल्या. मी पोचलो तव्हा तुझा टॉवेल अजून खिडकीवर वाळत होता.

खांदा मी दिला. रस्ताभर बदलू दिला न्हाई. तेवढा माझा हट्ट चालला.

सातव्या दिवशी जलदानविधी झाला. भन्तेजी आले, वंदना झाली. दोघं चौघं तुझ्यावर बोलले. मला बोला म्हणले, मी न्हाई म्हणलं. मित्र होतो म्हणावं तर माणसं बघत होती, सगळ्यांना म्हाइत आहे मी तुझ्या घरी किती जेवलो ते. जेवणं सुरू झाली तसा मी वाढायला लागलो, नेहमीसारखा. पोळ्या, वरण, भाजी. तुझा जावई म्हणाला, "काका, बसा आता." मी म्हणलं, "आधी लोकांचं होऊ दे." लोकांचं झालं. मी हात पुसून निघालो.

फाटकापाशी वहिनीनं हाक मारली. हातात प्लास्टिकचा डबा होता.

"भाऊजी, हे त्या दिवसाचं. तुमच्या नावाचं वेगळं काढायचे ते. दरवेळी काढायचे. आठ दिवस वाट बघायची, मंग पोरांना द्यायचं. हे आता मी कोणाला देऊ?"

डब्याला चिकटपट्टी लावून तू नाव लिहिलेलं. नारायण. बाकी काही न्हाई.

मी डबा घेतला. मंग वहिनी म्हणाल्या, "एक विचारू? जालन्याच्या दवाखान्यात आठ दिवस डबा कुठला खाल्ला तुम्ही?"

"मस्तगडच्या खानावळीतला."

"मस्तगडला माझा भाऊ ऱ्हायचा तव्हा. मी तिथंच होते आठ दिवस."

मी विचारलं, "आणि तव्हापासून कोणी सांगितलं न्हाई?"

"आधी म्हणाले, माणूस टाक्यांवर आहे, आत्ता वाद नको. मंग मी किती वेळा म्हणलं, आता तरी सांगून टाका. तर म्हणाले, मला त्याला हरवायचं न्हाई."

उत्तम, मला तुझा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येऊ नये, पण आला. गेल्या वर्षी अंगणात, मी दाताचं नाव सांगितलं तव्हा, तुझ्याजवळ हुकमाचं पान होतं. एकच वाक्य बोलायचं होतं तुला. 'तू आठ दिवस माझ्याच घरचं खाल्लंस पाटील.' माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. ते पान तू दाबून ठेवलंस आणि माझं ताट धुऊन परत दिलंस.

घरी यायला अर्धा तास लागला, ऊन माथ्यावर. आलो तर डब्यातल्या वड्या वितळून एक झालेल्या. गिरजानं काही न विचारता डबा माठाखालच्या ओल्या वाळूत दाबला. मी तिला म्हणलं, "दवाखान्यातला डबा कमलवहिनीचा होता."

"म्हाइत आहे."

"तुला म्हाइत होतं?"

"भाकऱ्या मी पण थापल्या दोन दिवस. तुम्ही झोपला की जायचे." मंग म्हणाली, "वांग्याची भाजी मात्र त्यांचीच."

संध्याकाळभर मी ओट्यावर बसून राह्यलो. आन तर अकरा वर्षांमागंच मोडली. आई त्याच्याही एकोणीस वर्षं आधीच गेलेली, तिला काय होणार. मला काही झालं न्हाई, उलटं टाके भरले. म्हणजे आता मी सुटलो, असं कोणी म्हणंल. पण ते खाणं माझं नव्हतं. ते तुम्ही मला खाऊ घातलं, लेकराला औषध द्यावं तसं. जाणून खाल्लं तरच मी खाल्लं म्हणेन. आणि ही डब्यातली वडी घरात बसून खाल्ली तर तेही अर्धंच. ती तू अशी बनवली होती की मला सोपी जावी. विस्तव नको, चूल नको, आईचा शब्द राहावा. तू माझ्यासाठी वाट सोपी करत गेलास आणि मी सोप्या वाटेवरही आलो न्हाई. आता सोप्या वाटेनं यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला डबा काखेत घेऊन मी तुझ्या घरी गेलो. वहिनी अंगण झाडून राह्यल्या होत्या. काळा पत्रा भिंतीला टेकवून ठेवलेला.

"वहिनी, चूल पेटली का?"

"गॅस आहे भाऊजी. चहा ठेवू?"

"चहा न्हाई. भाकरी टाका. ज्वारीची. तव्यावरची, गरम."

त्यांनी झाडू हातातच धरला. म्हणाल्या, "दात दुखतो ना तुमचा?"

"बरा झाला."

त्या आत गेल्या. मी रांजणावर गेलो आणि हात धुतले, कोपरापर्यंत, तू उभा असल्यासारखे. मंग पहिल्यांदा तुझ्या स्वैंपाकघराचा उंबरा ओलांडला. वहिनीला खोकला येऊ नये म्हणून खिडकी उघडली आणि भिंतीला टेकून खाली बसलो. परातीत पीठ, थापण्याचा आवाज, तव्यावर पाण्याचा हात. भाकरी फुगली, त्यांनी उचलली आणि तुमच्या घरच्या ताटात माझ्यापुढं ठेवली. वर तेल आणि तिखट. मी मागितलं नव्हतं.

भाकरीवर त्यांची बोटं उमटलेली होती. मी त्याच बाजूनं तोडली. पुरी खाल्ली. मंग तुझा डबा उघडला.